‘अनुभवाचे लिहा’ या सल्ल्याची पार्श्वभूमी

नव्याने कादंबरी लिहू पाहणाऱ्या व्यक्तीने एखाद्या ज्येष्ठ लेखकाकडे मार्गदर्शन मागितले, की ‘स्वतःच्या अनुभवाचे लिहा’ हे उत्तर आज हमखास मिळते. मराठीत हा सल्ला इतका रुळला आहे की तो पहिल्यापासूनच दिला जात असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा जोर वाढला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ज्या कादंबऱ्या आपण अनुभवाच्या बळावर उभ्या राहिलेल्या मानतो, त्यांच्यापैकी काही तर लेखकाने स्वतः न भोगलेल्या आयुष्यांविषयी आहेत.

मराठी कादंबरीचा आरंभ झाला तो सामाजिक हेतूतून. विधवांची दैना लोकांपुढे मांडण्यासाठी बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले. त्यात कथेपेक्षा उपदेश वरचढ आहे. हाच विषय पुढे हरि नारायण आपटे यांनी घेतला आणि त्याचे रूप पालटले. आपटे न्यू इंग्लिश स्कूलचे विद्यार्थी होते, आगरकरांच्या सुधारणावादाचा त्यांच्यावर खोल ठसा होता आणि रेनॉल्ड्ससारख्या इंग्रजी लेखकांच्या रहस्यमय, लांबलचक कादंबऱ्या त्यांनी आवडीने वाचल्या होत्या. विचार आगरकरांचा आणि वाचकाला धरून ठेवण्याची हातोटी इंग्रजी कादंबरीची, एवढ्यावरच त्यांची प्रेरणा संपली असती, तर त्यांचे नाव आज केवळ अभ्यासक्रमापुरते उरले असते.

१८९० मध्ये आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने छापली. शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात रान पेटले होते, ते हेच दिवस. त्या वादात व्याख्याने झाली, अग्रलेख लिहिले गेले. आपट्यांनी मात्र एका मुलीला बोलते केले. यमू स्वतःच आपली हकिकत सांगते: माहेरचे बालपण, लहानपणी झालेले लग्न, सासरचा जाच, नवऱ्याच्या सहवासातले थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि शेवटी जबरदस्तीने झालेले केशवपन. लिहिणारा पुरुष होता, सुशिक्षित होता, आणि यातले काहीही त्याच्या वाट्याला आलेले नव्हते. तरीही माजघरातल्या बायकांचे टोमणे, लहान मुलीचे भाबडे प्रश्न आणि सांगता सांगता मध्येच भलतीकडे वळण्याची तिची पद्धत इतकी खरी उतरली आहे, की आपट्यांनी घरातल्या बायकांचे बोलणे वर्षानुवर्षे कान देऊन ऐकले असले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साप्ताहिकासाठी लिहिल्याचे तोटेही आपट्यांच्या लेखनात दिसतात. पाल्हाळ आहे, काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. पण यमूचा आवाज कुठेही खोटा पडत नाही.

पुढच्या पिढीला हे पाल्हाळ खुपले, आणि त्यातून नवलेखकांसाठी वेगळ्या प्रकारचा सल्ला जन्माला आला. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. कथानकाची बांधणी, गुंतागुंत आणि उकल, पात्रांची योजना, संवाद, उत्कंठा या गोष्टी शिकता येतात आणि त्या शिकल्याच पाहिजेत, ही त्यामागची भूमिका. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला शोभेल अशी ती मांडणी होती. तिच्यामुळे लेखन ही कारागिरी आहे आणि ती कष्टाने साध्य होते, हा विश्वास अनेक होतकरू लेखकांना मिळाला, आणि हे ऋण मान्य करायलाच हवे. मात्र ज्यांनी तंत्रालाच सर्वस्व मानले, त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसे एकाच साच्यातली दिसू लागली. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद याच काळातला.

हा वाद रंगात असतानाच काही लेखक तिसऱ्याच वाटेने चालले होते. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी सरकारने सोलापूरला तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या वसाहतीत नोकरीनिमित्त होत्या. तिथे पाहिलेल्या जीवनातून १९५० मध्ये त्यांची ‘बळी’ ही कादंबरी आली. ते आयुष्य त्यांचे नव्हते, पण त्या त्याच्या साक्षीदार होत्या. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत कोकणातल्या माणसांविषयी लिहीत राहिले. अण्णा भाऊ साठे यांचा मार्ग अधिक थेट होता. वाटेगावच्या मांगवाड्यातून आणि मुंबईच्या कामगारवस्तीतून आलेल्या या लेखकाने, आपण जे जगलो आणि पाहिले तेच लिहितो, असे स्वच्छ सांगितले. १९५९ ची ‘फकिरा’ त्यांच्याच भागात होऊन गेलेल्या वीराची कथा आहे.

१९६३ मध्ये आलेल्या ‘कोसला’ने तंत्राचा उरलासुरला दरारा मोडून काढला. भालचंद्र नेमाडे यांनी पंचविशीत, खानदेशातल्या सांगवी या आपल्या गावी राहून ती थोड्या दिवसांत लिहिली. लिहून घेण्यामागे प्रकाशक रा. ज. देशमुख यांचा आग्रह होता. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकरची ही हकिकत रूढ अर्थाने कथानक बांधतच नाही. वसतिगृहातली मेस, मित्रांच्या गप्पा, रोजनिशीतल्या नोंदी, धाकट्या बहिणीचा मृत्यू आणि परीक्षेतले अपयश यांतून ती पुढे सरकते. लेखकाचा ‘लेखकराव’ होतो तो का, हा प्रश्नही नेमाड्यांनी पुढे एका लेखातून विचारला. नवलेखकांना आजवर मिळालेल्या इशाऱ्यांत मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मानसन्मान, सभासंमेलने आणि मागणीनुसार पुरवठा यांत लेखक आपल्या माणसांपासून कसा तुटतो, हे त्यात दाखवले आहे.

‘कोसला’नंतर अनुभवाचा आग्रह सर्वमान्य झाला खरा, पण त्याबरोबर एक गैरसमजही पसरला: आत्मचरित्राला थोडी नावे बदलली की कादंबरी होते. आनंद यादव यांची १९७१ ची ‘गोतावळा’ या गैरसमजाला चांगले उत्तर आहे. मळ्यावरचा गडी नारबा ही कथा आदिपासून अंतापर्यंत कागलकडच्या बोलीत सांगतो. त्याआधीच्या बहुतेक ग्रामीण कादंबऱ्यांत बोली पात्रांच्या तोंडी असे आणि निवेदन प्रमाण भाषेत चाले. मालक ट्रॅक्टर आणायचे ठरवतो तेव्हा बैल, म्हशी, कोंबड्या असा नारबाचा सगळा गोतावळा मळ्यावरून उठू लागतो. यादवांचे बालपण शेतात राबण्यात गेले होते, तरी नारबा म्हणजे यादव नव्हेत. ते तोवर शिकून प्राध्यापक झाले होते.