आम्ही अ‍ॅक्टिवेटर का टाकत नाही

“फॉरमॅट मारताय तर विंडोज अ‍ॅक्टिवेट करूनच द्या,” असं दुकानात रोज कोणीतरी सांगतं. बहुतेकांना त्यात अ‍ॅक्टिवेटर, म्हणजे लायसन्स न घेताच विंडोज चालू करून देणारं केएमएसचं एखादं टूल, चालवणं अपेक्षित असतं. ते आम्ही करत नाही. त्याचं कारण काउंटरवर घाईत नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

केएमएस ही मुळात मायक्रोसॉफ्टचीच सोय. मोठ्या कंपन्या, विद्यापीठं स्वतःचा सर्व्हर ठेवतात आणि त्यांचे कॉम्प्युटर त्याच्याकडून मंजुरी घेतात. ती 180 दिवस टिकते, पण कॉम्प्युटर दर 7 दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न करतो. टूल असाच एक खोटा सर्व्हर पुढे करतं. कधी तो तुमच्याच लॅपटॉपमध्ये चालतो, कधी इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसाकडे असतो. तसं असेल तर कॉम्प्युटरचं नाव, त्याचा ओळख क्रमांक आणि तुमचा आयपी पत्ता त्या माणसाकडे पुन्हा पुन्हा जात राहतो. कॉम्प्युटरला दवाखान्याचं नाव दिलं असेल, तर तेही गेलं.

आम्हाला जास्त भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. टूलसोबतची पहिली सूचना असते अँटिव्हायरस बंद करण्याची, दुसरी अ‍ॅडमिनची परवानगी देण्याची. राखणीचा कुत्रा बांधून ठेवायचा आणि तिजोरीची चावीही द्यायची, असा हा प्रकार. डिसेंबर 2021 मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की केएमएसपिको या अशाच एका टूलच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा घातक प्रोग्राम आत शिरत होता. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट तो चोरतो. सोबत खरं टूलही चालायचं, म्हणून कुणाला शंका येत नसे. जीएसटीचं लॉगिन, बँकेचा पासवर्ड तुम्ही ब्राउझरमध्येच सेव्ह करता ना?

“डिफेंडर (विंडोजचाच अँटिव्हायरस) उगाच ओरडतो,” असंही ऐकतो. ‘हॅकटूल’ हा शिक्का प्रत्येक वेळी व्हायरसचाच असतो असं नाही, हे खरं. पण तुमच्या हातातली प्रत कुठली, हे नुसतं बघून आम्हालाही सांगता येत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर हा इशारा आयटी विभागापर्यंत पोचू शकतो. केएमएसची विनंती सहसा 1688 क्रमांकाच्या पोर्टवरून जाते, तीही नेटवर्कवर दिसते. व्यवसाय असेल तर कॉपीराइट कायदा, 1957 चं कलम 63बी लक्षात ठेवा: जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरल्यास 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड.

खरं तर पुष्कळांना टूलची गरजच नसते. विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपची लायसन्स की बहुधा मदरबोर्डमध्येच असते. कुणीतरी विंडोज होमच्या जागी विंडोज प्रो टाकलेलं असतं, म्हणून ती लागत नाही. योग्य आवृत्ती टाकली की इंटरनेट जोडताच काम होतं. नसेलच लायसन्स, तर अ‍ॅक्टिवेट न केलेलं विंडोजही चालतं. कोपऱ्यात सूचना दिसते, वॉलपेपर, रंग वगैरे सेटिंगमधून बदलता येत नाहीत. पत्रं, हिशेब यांना लिब्रेऑफिस फुकट आहे.

घरच्या लॅपटॉपवर सेटिंग्ज, सिस्टम, अ‍ॅक्टिव्हेशन उघडा. तिथे ‘तुमच्या संस्थेच्या सेवेने अ‍ॅक्टिवेट’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तर टूल चाललेलं असण्याची दाट शक्यता आहे. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. डेटा काढून घेऊन स्वच्छ विंडोज टाकावं लागतं. पासवर्ड आधी मोबाइलवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, आमच्याकडे नंतर या. येताना लॅपटॉपचं बिल आणि चार्जर आणा.