ज्याचा गाळा, त्याचा किराणा

मुंबईत दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या वाणसामानाबद्दल सध्या पुष्कळ बोललं जातं. कोपऱ्यावरचा वाणी टिकेल की जाईल, हा त्यातला ठरलेला प्रश्न. पण या शहरात किराणा कुणी विकायचा, हे गेल्या दीडशे वर्षांत डाळ-तांदळाच्या भावापेक्षा जागेच्या भावाने जास्त ठरवलं आहे. रस्त्याला लागून असलेला गाळा कुणाच्या ताब्यात आहे, किती भाड्याने आणि किती काळासाठी, एवढं पाहिलं तरी चाळीखालच्या दुकानापासून ॲपवाल्यांच्या गोदामापर्यंतचा प्रवास बराचसा उलगडतो. दिल्ली, चेन्नई आणि बंगळुरूला हाच व्यवहार वेगळ्या वाटेने गेला, कारण तिथली जमीन वेगळ्या हातांत होती.

किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पडली आणि शहर उत्तरेकडे सरकू लागलं. पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, १८६९ मध्ये, त्यांच्याच नावाची मंडई उभी राहिली. आज ती महात्मा जोतिबा फुले मंडई. भाजी, फळं, मटण-मासळी एका छपराखाली आणि पालिकेच्या देखरेखीत, ही तेव्हाची कल्पना. पण किराणा मात्र मंडईत फारसा गेला नाही. तो वस्तीत राहिला, आणि वस्ती होती चाळींची.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखीव वसाहत ही त्याची देणगी. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. एवढ्याशा जागेत आठ-दहा माणसं, त्यांची अंथरुणं, देवाचं फडताळ, पाण्याचा पिंप आणि स्टोव्ह. पुण्याच्या वाड्यात किंवा अहमदाबादच्या पोळात वर्षाचा गहू एकदम भरून ठेवता यायचा. मुंबईच्या चाळीत ही बेगमी शक्यच नव्हती. म्हणून खालचा वाणी ही अख्ख्या चाळीची कोठी झाला. पावशेर साखर, छटाकभर तेल, दोन दिवसांची डाळ. छताला टांगलेल्या रिळातून खाली येणारा दोरा, वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी, तिला दोन वेढे आणि एक झटका. पोराच्या हाती चिठ्ठी पाठवली तरी माल मिळे आणि रक्कम वहीत चढे. हा व्यापार बहुतांशी कच्छी मंडळींनी, विशेषतः विसा ओसवाल आणि भानुशाली समाजातल्या कुटुंबांनी, सांभाळला. दुकानाच्या पोटमाळ्यावर राहून त्यांनी तो वाढवला.

या दुकानांना खरं बळ दिलं ते भाडेनियंत्रणाने. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलं, आणि हे संरक्षण घरांइतकंच दुकानांनाही होतं. पागडी, म्हणजे गाळा घेताना द्यायची ठोक रक्कम, एकदा भरली की महिन्याचं भाडं नाममात्र. त्याच वेळी आजूबाजूच्या जमिनीचे भाव मात्र आभाळाला भिडत होते. इमारती डागडुजीवाचून खचल्या हा या कायद्याचा दुसरा परिणाम, आणि तो गंभीरच आहे. पण पंधरा पैशांच्या नफ्यावर काडेपेटी विकणारा दुकानदार गिरगाव-लालबागसारख्या महागड्या जागी पन्नास-साठ वर्षं टिकला, त्यामागे ही गोठलेली भाडी होती. हे मान्य केल्याशिवाय मुंबईच्या किराण्याचा इतिहास पुरा होत नाही.

मुंबईचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे ग्राहकांची स्वतःची चळवळ. तिच्याकडे आज दुर्लक्ष होतं, याची मला मनापासून खंत वाटते. १९४३ मध्ये, युद्धाच्या टंचाईत, देशात पहिल्यांदा रेशनिंग सुरू झालं ते मुंबईत. रेशनच्या रांगेने गिरणगावाला एक गोष्ट शिकवली: धान्य एकत्र विकत घेऊन एकत्र वाटता येतं. १९४८ मध्ये नायगावला कामगारांनी सहकारी ग्राहक संस्था सुरू केली, तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून शहरभर पोचली. कामगार वस्तीत स्वतःच्या हाताने माल निवडायचं, वजन छापलेल्या पाकिटांचं दुकान उभं राहिलं, तेव्हा पुढच्या मॉलवाल्यांचा मागमूसही नव्हता.

दिल्लीत असंच दुकान आलं, पण सरकारच्या हातून. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, भाव कडाडले, आणि कॅनॉट प्लेसला सुपर बाजार उघडला. दोन्ही सहकारी म्हणवत, पण एक खालून उगवलं होतं आणि दुसरं वरून आणून ठेवलेलं. दिल्लीचा सुपर बाजार २००२ मध्ये बंद पडला. अपना बाजारचीही बरीच रया गेली, पण त्याआधी त्याने मध्यमवर्गीय मराठी घराला महिन्याची यादी करायची सवय लावली होती.

१९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, रेशनवर मिळू लागला, तेल-साखर दिसेनाशी झाली, आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. महागाई प्रतिकार समितीचे ते मोर्चे म्हणजे स्वयंपाकघराने राज्यकर्त्यांना विचारलेला जाब होता. त्याच हवेत १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची पद्धत आजही सांगण्यासारखी आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिनाभराची मागणी आगाऊ नोंदवायची, पंचायतीने घाऊक खरेदी करायची, आणि ठरल्या दिवशी टेम्पो आला की संघातल्याच सभासदांनी कुणाच्या तरी घरात किंवा जिन्याखाली वाटप करायचं. दुकान नाही, गाळा नाही, भाडं नाही. जागेचा खर्चच काढून टाकला की सामान स्वस्त होतं, हे मुंबईतल्या गृहिणींनी पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलं.

त्याच वर्षी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना जेवण घालत, पण धान्य उधारीवर घेत. त्यामुळे वाण्याची आणि सावकाराची वही त्यांच्या डोक्यावर कायम असे. मंडळाने त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. वाण्याची उधारी ही नुसती माया नव्हती, तो धंद्याचा भाग होता, आणि त्याचा भार कुठेतरी कुणावर तरी पडत होता.

घाऊक बाजाराची गोष्ट वेगळी. धान्य दाणाबंदरला, सुका मेवा आणि मसाले मशीद बंदरच्या आसपास, भाजी भायखळ्याच्या संत सावता माळी मंडईत. सातारा-सांगलीकडून आलेले माथाडी कामगार पाठीवर पोती वाहत. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, तो याच गोदामांमधून. पुढे बेटावर ट्रक मावेनासे झाले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई आखली आणि वाशीला बाजार समितीचं आवार उभं राहिलं. कांदा-बटाटा आधी गेला, इतर बाजार टप्प्याटप्प्याने, आणि भाजीपाला १९९६ मध्ये. योगायोग असा की चेन्नईतही त्याच वर्षी कोतवाल चावडीतला जुना भाजीबाजार हलून कोयंबेडूला नवं संकुल सुरू झालं. दिल्लीची आझादपूर मंडी त्याआधीच, १९७७ मध्ये वसली होती. फरक एवढाच की कोयंबेडू आणि आझादपूर शहरातच राहिले. मुंबईची मंडई खाडीपलीकडे गेली. दादर-भायखळ्याचा भाजीवाला पहाटे वाशीला जाऊन टेम्पोने माल आणू लागला, आणि खाडीपुलाची वाहतूक मेथीच्या जुडीच्या भावात मिसळली.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. पगार थांबल्यावर आधी वाण्याची वही भरली, मग घरातली भांडी गेली, मग माणसं गावाला गेली. संपाचा इतिहास लिहिताना मालक आणि युनियन येतात. त्या बुडालेल्या वह्या कुणी जपून ठेवलेल्या नाहीत.

गिरण्यांची जमीन सहाशे एकरांच्या घरात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ नुसार तिची साधारण तीन भागांत वाटणी व्हायची होती: पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची असं ठरलं. बांधकामाखालची बहुतेक जागा मालकांकडे राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला. या तिहेरी वाटणीतून लोअर परळ-लालबागला मोठ्या मंडया, सहकारी भांडारं, मैदानं मिळू शकली असती. मिळाले ते मॉल. फिनिक्स मिलच्या आवारात बिग बझार आलं, आणि जिथे तीन पाळ्यांत सूत निघायचं तिथे ट्रॉल्या फिरू लागल्या.

बिग बझारचा शेवटही जागेनेच केला. भाडी थकली होती, अनेक जागांचे भाडेकरार आधीच रिलायन्सच्या नावावर गेले होते, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत रिलायन्सने दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली. माल, नाव आणि गिऱ्हाईक यांपैकी कशानेही ते दुकान वाचवलं नाही.

डी-मार्टने नेमकं उलट केलं. राधाकिशन दमानी यांनी १९९९ मध्ये नेरूळला अपना बाजारचं दुकान चालवायला घेऊन हा धंदा जवळून पाहिला, आणि २००२ मध्ये पवईला स्वतःचं पहिलं दुकान काढलं. जागा शक्यतो विकत घ्यायची, हे त्यांचं सूत्र. भाडं नाही, म्हणून भाव खाली. ग्राहक पंचायतीने जागेचा खर्च टाळून जे केलं, ते डी-मार्टने जागेत भांडवल घालून केलं. अर्थात अशा जागा मिळाल्या त्या मुलुंड, कांदिवली, ठाणे, नवी मुंबईकडे. तिथे मोठे भूखंड होते, वन बीएचके-टू बीएचकेची नवी संकुलं होती, आणि महिन्याचं सामान घरी न्यायला रिक्षा होती. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही. महिन्याच्या सामानाच्या चार पिशव्या घेऊन परळहून कुणी बसमध्ये चढत नाही. दक्षिणेकडे जुना वाणी जास्त टिकला त्याला हेही एक साधं कारण.

दिल्लीत विकास प्राधिकरणाने, म्हणजे डीडीएने, १९६२ च्या आराखड्यात जिल्हा केंद्रापासून वस्तीतल्या दुकानांपर्यंतची उतरंड आखून दिली. राहायची जागा इकडे, बाजार तिकडे. लोकांनी ती मानली नाही, घराखाली दुकानं काढली, आणि २००६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने सीलिंगची, म्हणजे बेकायदा दुकानांना टाळं ठोकायची, मोहीम झाली तेव्हा हजारो शटरं बंद झाली. मुंबईत वर घर आणि खाली दुकान हे नियमातच बसतं. आपल्याकडे मंडईसाठी आरक्षित भूखंड वर्षानुवर्षं नकाशावरच राहिले, ती उणीव तळमजल्यावरच्या गाळ्यांनी आणि फेरीवाल्यांनी भरून काढली. स्टेशनबाहेर भाजी घ्यायची आणि लोकलमध्ये निवडायची, हा नोकरदार बायकांचा परिपाठ. एल्फिन्स्टन पुलावरच्या २०१७ मधल्या चेंगराचेंगरीनंतर उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरमध्ये फेरीवाल्यांना मनाई केली. पण त्या बायकांसाठी पर्यायी बाजार काही कुणी बांधला नाही.

नंतर ॲप आले. बिगबास्केट २०११ मध्ये बंगळुरूला सुरू झालं. तिथे निलगिरीसारख्या दुकानांमुळे पाकीटबंद किराण्याची सवय जुनी, आणि नवा नोकरदार वर्ग दूरदूरच्या वसाहतींत पसरलेला. ब्लिंकिट गुरुग्रामचं. झेप्टो मात्र २०२१ मध्ये मुंबईत जन्मलं आणि पुढे मुख्यालय बंगळुरूला घेऊन गेलं. दहा मिनिटांचं गणित मुंबईच्या दाटीत चटकन बसतं. दीड-दोन किलोमीटरच्या आत इतकी घरं फार थोड्या शहरांत सापडतात. त्यासाठी वस्तीच्या मधोमध दोन-चार हजार चौरस फुटांची जागा लागते, बाहेर पाटी नसली तरी चालते.

आणि ही जागा सध्या पुनर्विकासातून मोकळी होते आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ही घरं त्यांच्या हक्काचीच होती, आणि आता तिथे स्वयंपाकघरात महिन्याचं सामान ठेवायला कपाट आहे. पावशेराने विकणाऱ्या दुकानाची गरज तिथून पुढे कमीच होणार. गिरगाव-लालबागच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींत जुन्या दुकानदाराला नव्या इमारतीत तेवढ्याच क्षेत्रफळाचा गाळा मिळतो. त्याला कुणी हुसकावत नाही. पण काही शे रुपयांच्या पागडी भाड्याऐवजी त्याला देखभालीचा खर्च आणि मालमत्ता कर भरावा लागतो, पुढे पोडियम पार्किंग आणि सुरक्षारक्षक असल्याने वरची गिऱ्हाइकं सहज खाली उतरत नाहीत, आणि मुलांना गल्ल्यावर बसायचं नसतं. गाळा मालकीचा झालेला असतो. तूरडाळ विकून महिन्याकाठी जे सुटतं त्याच्या कितीतरी पट रक्कम बँक, औषधांची साखळी किंवा ॲपवाली कंपनी भाडं म्हणून द्यायला तयार असते. तो करारावर सही करतो, आणि त्याचा गाळा दुसऱ्याचं गोदाम होतो.