विमानाची सुरुवात शेपटीकडून

होटगी रोडच्या विमानतळावर सोलापूरकरांनी जेवढी चर्चा केली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावर केली असेल. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली गेली, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. त्या एटीआर विमानाकडे बघताना सगळ्यांची नजर जाते ती फिरणाऱ्या पंख्यांवर. शेपटीकडे फारसं कुणी पाहत नाही. पण घरी विमान बांधणारे लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

हो, घरी. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं, हे अनेकांना आठवत असेल. त्यांचा आराखडाही स्वतःचाच होता. किट विमानाचं काम त्या मानानं सोपं. कंपनी कापलेले पत्रे, फासळ्या आणि नकाशे पाठवते, जोडायचं आपण. अमेरिकेत अशा विमानाला परवाना मिळवायचा तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं केलेलं असावं लागतं. किट एकदम न घेता टप्प्याटप्प्यानं घेता येतं आणि पहिली पेटी बहुधा शेपटीची असते. ती एका खोलीत मावते, स्वस्त असते, आणि विमानात पुढे लागणारं जवळजवळ प्रत्येक हस्तकौशल्य तिच्यात थोडं थोडं येतं. नवशिक्याच्या हातून रडर, म्हणजे उभ्या शेपटीचा डावी-उजवीकडे हलणारा भाग, बिघडला तर खिशाला चाट बसते. पंख बिघडला तर घरात भांडण होतं.

शेपटीचं काम मात्र लहान नाही. विमानाचा गुरुत्वमध्य पंखांच्या उचल देणाऱ्या बिंदूच्या थोडा पुढे ठेवतात. त्यामुळे नाक सतत खाली जाऊ पाहतं, आणि आडवी शेपटी ते सावरण्यासाठी उडताना बहुतेक वेळ स्वतः खाली दाब देत असते. म्हणजे पंखांना विमानाचं वजन तर उचलावं लागतंच, वर शेपटीचा हा दाबही सोसावा लागतो. एवढा तोटा मुद्दाम का पत्करायचा? कारण वाऱ्याच्या झोताने नाक वर गेलं की शेपटीवरचा हवेचा कोन बदलतो, तिचा खालचा दाब कमी होतो आणि नाक आपोआप परत खाली येतं. गुरुत्वमध्य फार मागे सरकला की ही आपोआप सावरण्याची सोय संपते, आणि वैमानिकाला क्षणाक्षणाला विमान सांभाळत बसावं लागतं.

म्हणून शेपटीत ग्रॅमही मोजून घालतात. ती गुरुत्वमध्यापासून चार मीटर मागे आहे असं धरू. तिथे एक किलो जास्तीचा रंग किंवा पुट्टी चढली, तर तोल राखायला एक मीटर पुढे चार किलो शिसं ठेवावं लागेल. चकचकीत रंगाची हौस इथे महागात पडते.

आता प्रत्यक्ष पत्र्याकडे येऊ. तो २०२४-टी३ जातीच्या ॲल्युमिनियमचा असतो. तांबं मिसळल्यामुळे तो मजबूत होतो, पण गंजायलाही लागतो. त्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो. रडर आणि एलिव्हेटरचा (आडव्या शेपटीचा वर-खाली हलणारा भाग) पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. नखानं ओरखडा पडत नाही, पण टेबलावर राहिलेल्या किसानं नक्की पडतो, म्हणून पत्रा फिरवण्याआधी टेबल झाडून घ्यायचं.

कामाचा क्रम ठरलेला आहे. पत्रा सांगाड्यावर चढवून क्लेको लावायचे. क्लेको म्हणजे स्प्रिंगची छोटी पकड, शिंप्याच्या कच्च्या टाक्यासारखी. गणवेश शिवणाऱ्या सोलापूरला हे वेगळं सांगायला नको. चंदेरी क्लेको ३/३२ इंचाच्या भोकाला, तांबूस १/८ इंचाच्या भोकाला. मग भोकं शेवटच्या मापाला ड्रिल करायची, सगळं पुन्हा उसवायचं, प्रत्येक भोकाची बर, म्हणजे काठावर उरलेली धारदार कोर, काढायची, डायमध्ये दाबून खळगा पाडायचा म्हणजे रिवेटचं (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीचं) डोकं पत्र्याशी सपाट बसेल, प्रायमर मारायचा, आणि परत सगळं जोडायचं. कंटाळवाणं आहे. पण बर काढण्यात केलेला आळस वर्षांनंतर वसूल होतो. तडा जातो तो बहुधा भोकाच्या काठावरच्या खडबडीत जागेपासून.

हे पुस्तकी भय नाही. अमेरिकेतल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीच्या किटांमधल्या काही भागांची भोकं पंचऐवजी लेझरने कापली गेली होती. खळगा पाडताना त्यांतल्या काहींच्या काठाला चिरा दिसू लागल्या. भाग बदलून देण्याचा खर्च आणि इतर अडचणी मिळून २०२३ च्या डिसेंबरमध्ये कंपनीला दिवाळखोरीपासून संरक्षण मागावं लागलं. नंतर ती सावरली.

रिवेट ठोकायला दोघं लागतात. एक जण हवेच्या बंदुकीने डोक्यावर ठोकतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा धरतो. आतलं टोक चेपून व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच झालं की रिवेट पास. २.४ मिलिमीटरच्या रिवेटला हे माप ३.६ आणि १.२ येतं. किंचित वाकडा बसलेला रिवेट काढून नवा घालण्याची नवशिक्याला फार खुमखुमी असते. माझं मत, बऱ्याचदा तो तसाच राहू द्यावा. काढताना भोक मोठं झालं तर नवा आधीच्यापेक्षा वाईट बसतो.

सोलापूरचं ऊन इथे मध्येच येतं. अडीच मीटर लांब ॲल्युमिनियम वीस अंशांनी तापलं की साधारण १.१ मिलिमीटर वाढतं. भाग धरून ठेवणारी पोलादी चौकट तेवढ्याच तापमानवाढीने ०.६ वाढते. रिवेटभोवती भोकात सूट असते जेमतेम ०.१ मिलिमीटरची. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी मापं घेऊन दुपारी पोलादी चौकटीत भोकं पाडणाऱ्याचं काय होईल, ते उघड आहे. आजच्या किटांत भोकं कारखान्यातच पाडून येतात, त्यामुळे बरंच निभावतं. तरी कातडीचा पत्रा उन्हात आणि सांगाडा सावलीत ठेवू नये. प्रायमरही भर दुपारी फवारू नये. थेंब हवेतच सुकतात आणि पत्र्यावर नुसती भुकटी बसते.

सगळ्यात नाजूक भाग एलिव्हेटर आणि रडरचा. हे बिजागरीवर हलतात. बिजागरीच्या मागे वजन जास्त असेल, तर वेगात शेपटी किंचित वाकताच ते मागे रेंगाळतं, त्या रेंगाळण्याने हवेची ऊर्जा कंपनात भरत जाते, आणि काही सेकंदांत शेपटी तुटू शकते. याला फ्लटर म्हणतात. उपाय म्हणून बिजागरीच्या पुढे शिशाचे तुकडे बसवतात. तोल बघायचा तो रंग दिल्यानंतर. पुढे कधी रंग बदलला तर पुन्हा बघायचा.

हे झालं की पंखांची पेटी मागवायची. तिच्यात पेट्रोलच्या टाक्या असतात आणि त्यांना सांधायला दोन घटकांचं काळं, चिकट सीलंट. ते गरमीत भराभर घट्ट होतं, हातात वेळ कमी उरतो. टाक्यांचं काम डिसेंबरसाठी राखून ठेवावं.