डेडलॉक कुठला? हे तर ब्लॉकिंग!

महिनाअखेर आली की ईआरपीच्या (कंपनीच्या ऑर्डरी, स्टॉक, बिलं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सपोर्ट ग्रुपवर तोच मेसेज येतो: ‘ईआरपी हँग, डेटाबेसला डेडलॉक झालाय, सर्व्हर रिस्टार्ट करतोय.’ डिस्पॅचवाल्याची स्क्रीन अर्धा तास गोल फिरत असते, गेटवर गाड्या उभ्या असतात, आणि निदान मात्र चुकीचं. अर्धा तास टिकणारा डेडलॉक एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस चालवणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम) ठेवतच नाही. जे अर्धा तास टिकतं ते ब्लॉकिंग. दोन्हींच्या मुळाशी लॉकच (एक जण ओळ बदलत असताना दुसऱ्याला थांबवणारं कुलूप) असले तरी उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर दुखणं वाढतं.

डेडलॉक बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून उरकून घेतो. एका सेशनने, म्हणजे डेटाबेसला जोडलेल्या एका कनेक्शनने, ऑर्डरची ओळ धरलीय आणि त्याला स्टॉकची हवीय. दुसऱ्याने स्टॉकची धरलीय आणि त्याला ऑर्डरची हवीय. फेरा पूर्ण. एसक्यूएल सर्व्हर साधारण दर ५ सेकंदांनी असे फेरे शोधतो, ज्याचं काम मागे घेणं स्वस्त त्याचा बळी देतो, आणि त्याला १२०५ नंबरची एरर मिळते. त्याचं सगळं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्की किंवा रद्द होणारी कामांची जुडी) रोलबॅक होतं, म्हणजे मागे घेतलं जातं, दुसरा पुढे जातो. टेबलांना हात लावायचा क्रम सगळीकडे एकच ठेवा, ट्रान्झॅक्शन आटोपशीर ठेवा, १२०५ आली तर जरा थांबून पुन्हा चालवा. कोण कोणात अडकलं होतं त्याची नोंद सिस्टीम हेल्थ नावाच्या सेशनमध्ये आपोआप होते, ती वाचा. संपलं.

खरं डोकं खातं ते ब्लॉकिंग. इथे फेरा नसतो, रांग असते. एकाने लॉक धरलंय, बाकीचे त्याच्या मागे उभे. डेटाबेसच्या दृष्टीने यात काही बिघडलेलंच नाही, त्यामुळे तो कुणाचा बळी देत नाही आणि एररही देत नाही. लॉकसाठी किती वेळ थांबायचं याची मूळ सेटिंग उणे १ आहे, म्हणजे अनंतकाळ. ब्लॉकिंग दिवसभर चालूच असतं. मिलिसेकंदांत सुटतं म्हणून कळत नाही. प्रश्न येतो तो रांगेच्या तोंडाशी उभा असलेला लॉक सोडेना तेव्हा.

आणि हा तोंडाशी उभा असलेला बहुतेक वेळा काहीही करत नसतो. लोक नेमके इथेच फसतात. ‘सिस्टीम स्लो’ म्हटलं की आपण जड क्वेरी शोधतो, सीपीयू बघतो, रॅम वाढवायचं कोटेशन मागवतो. सीपीयू मात्र निवांत असतो. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आडवा लावून ड्रायव्हर चहाला गेलाय, असा हा प्रकार. इंजिनाची ताकद मोजून काय उपयोग?

सेशनची यादी उघडली की असं दिसतं: ७१ नंबरचं सेशन ६४ साठी थांबलंय, ६४ हे ५८ साठी. ५८ कुणासाठीच थांबलेलं नाही. त्याचं स्टेटस ‘स्लीपिंग’, कमांडच्या रकान्यात ‘अवेटिंग कमांड’. झोपलेलं म्हणून नवशिका त्याला सोडून ६४ किंवा ७१ किल करतो, म्हणजे तोडतो, आणि पाच मिनिटांत तिथे दुसरे येऊन उभे राहतात. त्यात चालू रिक्वेस्टच्या व्ह्यूमध्ये (डेटाबेस दाखवतो त्या यादीत) ५८ ची ओळच नसते, कारण त्याची कुठली रिक्वेस्ट चालूच नाही. सेशनच्या व्ह्यूमध्ये जाऊन उघड्या ट्रान्झॅक्शनचा रकाना बघा. तिथे १ असेल तर चोर सापडला.

हे ५८ असतं कुणाचं? मी पाहिलेल्या प्रकरणांत बहुधा इंटिग्रेशनचं, म्हणजे दुसऱ्या सिस्टीमशी डेटाची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोग्रॅमचं. माणूस स्क्रीनवर एक बिल करतो तेव्हा फार काही धरून बसत नाही. वेबसाइटवरच्या ऑर्डरी दर पंधरा मिनिटांनी ओढणारा जॉब बसतो. तो ट्रान्झॅक्शन उघडतो, सेल्स ऑर्डर लिहितो, स्टॉक राखून ठेवतो आणि कमिट, म्हणजे काम पक्कं, करायच्या आधी ई-इनव्हॉइसच्या सरकारी पोर्टलला आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) मागायला जातो. पोर्टलचं उत्तर येईपर्यंत डेटाबेसकडे काही काम नाही, म्हणून सेशन झोपलेलं. ट्रान्झॅक्शन उघडं, म्हणून स्टॉकच्या ओळी धरलेल्या. पोर्टल एरवी चटकन उत्तर देतं म्हणून टेस्टिंगमध्ये हे कधीच दिसत नाही. ते रेंगाळलं की स्टोअर, डिस्पॅच, काउंटर सगळे त्याच्या मागे. उघड्या ट्रान्झॅक्शनच्या पोटात बाहेरच्या सर्व्हरला कॉल करू नये, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. आधी कमिट करा, ‘आयआरएन बाकी’ अशी खूण ठेवा, मग वेगळ्या पायरीत पोर्टलकडे जा.

दुसरा प्रकार याहून छुपा. डॉटनेटच्या (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग साधनाच्या) प्रोग्रॅममध्ये कमांडचा टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा असतो. जॉबची तिसरी क्वेरी ३० सेकंदांत झाली नाही की ती रद्द होते, पण पहिल्या दोघींनी धरलेली लॉक तशीच राहतात, कारण ट्रान्झॅक्शन आपोआप रोलबॅक होत नाही. प्रोग्रॅमरने एरर लॉगमध्ये टाकली, रोलबॅक लिहिला नाही आणि कनेक्शन पूलमध्ये (पुन्हा वापरायला ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यात) परत केलं, तर ते कनेक्शन पुन्हा वापरात येईपर्यंत किंवा पूल ते बंद करेपर्यंत लॉक घेऊन पडून राहतं. एक्स-ॲक्ट अबॉर्ट (XACT_ABORT) हे सेटिंग ऑन ठेवलं तर हे टळतं. इंटिग्रेशनच्या प्रत्येक प्रोसीजरच्या पहिल्या ओळीत ते असायलाच हवं.

तिसरा प्रकार ढोबळ आहे: भावपत्रक बदललं म्हणून सगळ्या आयटम मास्टरवर एकच अपडेट. एका स्टेटमेंटने एका टेबलवर सुमारे ५००० लॉक घेतली की एसक्यूएल सर्व्हर सुटी लॉक सोडून सगळं टेबल धरायला बघतो. दोन-दोन हजारांच्या तुकड्यांत करा आणि प्रत्येक तुकड्यानंतर कमिट करा. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तुकडे पाडून उपयोग नाही.

आता न चालणारे उपाय. रिस्टार्टने काम होतं, आणि हीच त्याची खोड: सगळी सेशन मरतात, पुरावाही मरतो, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आधी ५८ चं मशीन, प्रोग्रॅमचं नाव आणि शेवटची क्वेरी टिपून घ्या, मग फक्त त्यालाच किल करा. अर्थात पाचही इंटिग्रेशन ‘एसए’ (सर्वाधिकारी) या एकाच लॉगिनने येत असतील आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये प्रोग्रॅमचं नाव कुणी भरलंच नसेल, तर टिपणार काय, कप्पाळ?

नोलॉकचा, म्हणजे लॉक न जुमानता वाचायच्या सूचनेचा, तर मला तिटकारा आहे. प्रत्येक रिपोर्टला तो चिकटवला की वाचणारे थांबत नाहीत हे खरं, पण जे अजून कमिटच झालेलं नाही तेही ते वाचतात. कधी एक ओळ दोनदा येते, कधी गळते. त्या आकड्यावर सेल्सवाला गिऱ्हाइकाला माल कबूल करून मोकळा होतो. त्यापेक्षा रीड कमिटेड स्नॅपशॉट ही सेटिंग चालू करा: वाचणाऱ्याला शेवटची कमिट झालेली ओळ मिळते आणि तो लिहिणाऱ्यासाठी अडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या अझुर एसक्यूएल डेटाबेसमध्ये हे मुळातच चालू असतं. ऑफिसातल्या सर्व्हरवर आपण चालू करावं लागतं, आणि टेम्पडीबीला (सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसला) जागा लागते. मात्र लिहिणारा लिहिणाऱ्यासाठी थांबतोच, त्यामुळे वरचा ई-इनव्हॉइसचा घोळ याने सुटणार नाही.

आणि रीट्राय, म्हणजे तेच काम पुन्हा चालवणं. डेडलॉकला तो योग्य, कारण फेरा तुटलेला असतो. ब्लॉकिंगमुळे टाइमआउट आला आणि लगेच पुन्हा चालवलं, तर रांगेच्या शेपटाला आणखी एक जण जाऊन उभा राहतो, एवढंच.

एसक्यूएल सर्व्हरचा रीट्रायचा कोड मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर आणणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तिथे डेडलॉकचा नंबर १२१३ आहे, आणि १२०५ म्हणजे लॉकसाठी थांबून वेळ संपली. मूळ मुदत ५० सेकंद. या १२०५ नंतर मुळात फक्त ती एक क्वेरी मागे जाते, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. ‘सगळं रोलबॅक झालंय’ असं धरून कोडने नव्याने स्टार्ट ट्रान्झॅक्शन म्हटलं, की मायएसक्यूएल आधीचं अर्धवट काम गुपचूप कमिट करतो, आणि तीच ऑर्डर वरून पुन्हा लिहिली जाते.