वाळूक कडू निघालं म्हणून शेंदाड उपटू नका

सोलापूरकडे बाजरी-तुरीच्या रानात वाळकाच्या, म्हणजे काकडीसारख्या फळाच्या, चार बिया टाकायची पद्धत जुनी आहे. वेल पिकाच्या बुडाशी पसरते आणि खुरपणीला आलेल्या बायका कोवळं फळ तोडून शेंगाचटणीबरोबर बांधावरच खातात. एखादं फळ कडू निघालं की दोष ठरलेला, बांधावरच्या शेंदाडाचा, म्हणजे वाळकाच्या रानटी, कडू भाऊबंदाचा! मग शेंदाडाच्या वेली उपटल्या जातात. दोषाचं हे निदान अर्धंच खरं आहे. उपाय मात्र चुकीचा आहे आणि त्यात आपण फार मोलाचं काहीतरी फेकून देतो.

वाळूक, शेंदाड आणि खरबूज ही रूपाने आणि चवीने कितीही वेगळी असली तरी वनस्पतिशास्त्राच्या लेखी तिन्ही एकच, 'कुकुमिस मेलो'. तिन्हींच्या पेशींत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात, म्हणून एकाच्या परागावर दुसऱ्याचं फळ धरतं आणि त्यातलं बी उगवतंही. काकडीत ७ जोड्या असतात, त्यामुळे शेजारी काकडी असली तरी या वेलींशी तिचा संकर होत नाही. पराग जड आणि चिकट असतात. ते वाऱ्याने जात नाहीत, मधमाशी नेते.

आता खरी गंमत. मधमाशीने आज शेंदाडाचे पराग वाळकाच्या फुलावर आणले, तरी आजचं फळ कडू होत नाही. गर हा संपूर्णपणे आईवेलीच्या पेशींचा असतो, बापाचा वाटा फक्त आतल्या बियांत असतो. तो दिसतो पुढच्या हंगामात, त्या बिया पेरल्यावर. म्हणजे यंदाचं कडू वाळूक हे आधीच्या हंगामातल्या संकराचं फळ. भर हंगामात शेंदाड उपटून यंदाच्या चवीत काडीचाही फरक पडत नाही.

कडूपणा येतो कुकुर्बिटासिन या द्रव्यांमुळे. शिजवूनही ती जात नाहीत आणि पोटात गेली तर विषबाधा होते. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. म्हणून चव पाहायची तर जिभेच्या टोकाला लावावी, कडू लागताच थुंकावी, चूळ भरावी.

मग असलं शेंदाड ठेवायचं कशाला? १९२५ साली कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत खरबुजावर भुरी या बुरशीजन्य रोगाची जबर साथ आली. तिथल्या संशोधकांना प्रतिकारशक्ती सापडली ती भारतातून नेलेल्या बियाण्यात. त्या संकरातून १९३६ साली 'पीएमआर ४५' हा वाण निघाला. पुढेही जगभरच्या खरबुजांना भुरी, विषाणू आणि मावा यांच्याविरुद्धचे गुण भारतीय वाळूकवर्गीय वाणांतून मिळत राहिले. पाणी न देता, औषध न मारता बांधावर टिकणाऱ्या वेलीत आपल्या कामाचं काही असण्याची शक्यता म्हणूनच मोठी आहे.

वाळूक आणि शेंदाड यांचा संकर घरच्या रानात करता येतो. वाळकाच्या वेलीवर उद्या उमलणारी कळी संध्याकाळी ओळखता येते, तिचं टोक पिवळं झालेलं असतं. फळ धरणाऱ्या कळीखाली केसाळ, इवलंसं बाळफळ दिसतं. ती कळी हळूच उघडून पाहा. आत कुक्षीभोवती, म्हणजे पराग धरणाऱ्या मधल्या भागाभोवती, परागकोश असतील तर ते चिमट्याने त्याच संध्याकाळी काढून टाकायचे. मग पाकळ्या मिटवून दोऱ्याने सैल बांधायच्या. शेंदाडाची नरकळीही तशीच बांधून ठेवायची, नाहीतर मधमाशी आधी पोचते. सकाळी ऊन चढायच्या आत नरफुलाच्या पाकळ्या खुडून पराग कुक्षीवर हलके फिरवायचे, फूल पुन्हा बांधायचं आणि देठाला रंगीत दोरा लावायचा. वेलीवर आधीची फळं पोसत असतील तर ती तोडा, त्यांच्यापायी नवं फळ बहुधा गळतं.

या फळाच्या बियांतून उगवलेल्या पहिल्या पिढीच्या वेली बहुधा सगळ्या कडू निघतात, कारण शेंदाडाचा कडूपणा प्रभावी गुण आहे, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी तो दिसतो. इथेच बहुतेक लोक बी फेकतात. फेकू नये. या वेलींवर त्यांच्याच परागाने फळं धरवा आणि ते बी पेरा. कडूपणा एकाच जनुकावर असेल तर दुसऱ्या पिढीत चारांतली एक वेल बिनकडू निघते. अशी निदान एक वेल मिळण्याची खात्री ९५ टक्क्यांवर न्यायला ११ वेली पुरतात. सोबत आणखी एक अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा, गुण हवा असेल तर प्रमाण सोळांत एक होतं आणि ४७ वेली लागतात. परसात एवढं जमतं.

डाळिंबात हेच करायला वर्षानुवर्षं जातात. सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने २०१७ साली दिलेल्या 'सोलापूर लाल'मध्ये भगवा, गणेश, नाना आणि 'दारू' हे रानटी डाळिंब अशा चौघांचे गुण एकत्र आले आहेत. वाळकाची वेल बी ते बी हा प्रवास एकाच हंगामात उरकते. मोहोळला स्थानिक मालदांडीतून एम ३५-१ ही ज्वारी केवळ निवडीने मिळाली, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. निवडीला सर्वांत आधी लागते ती विविधता, आणि आपल्याकडे ती बांधावर आहे.

चव कोवळ्या फळाचीच पाहा, कारण शेंदाडाचा कडूपणा पिकताना कमी होतो आणि फसगत होते. बी मात्र पूर्ण पिकून देठापासून सुटलेल्या फळाचं घ्या. गरासकट एक-दोन दिवस आंबवून धुतलं की भरीव बी तळाशी बसतं. ते सावलीत वाळवून, वेलीचा क्रमांक लिहून, वेगवेगळ्या पुड्यांत ठेवा.