कदंबांच्या दरबारात साल कसं ओळखायचं?

फोंड्याची दहावीतली एक मुलगी अचानक गोपकपट्टणात, म्हणजे आजच्या गोवा वेल्हाच्या परिसरात, बाराव्या शतकातल्या कदंब राजा शिवचित्त पेर्माडीच्या दरबारी जाऊन उभी राहिली, असं समजू. काळात पुढे सरकणं खरंच होतं. वेग आणि उंचीप्रमाणे घड्याळाची चाल थोडी बदलते; १९७१ साली अणुघड्याळं विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून नॅनोसेकंदांचा तो फरक मोजला गेला. मागे जाण्याची वाट मात्र अजून कागदावरच आहे. १९४९ मध्ये गणितज्ञ कुर्ट गोडेल यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून ती काढून दाखवली, पण तिच्यासाठी अख्खं विश्व फिरतं असावं लागतं. आपलं तसं फिरत असल्याची खूण दिसत नाही.

मला जास्त ओढ आहे ती पुढच्या प्रश्नाची. पोचल्यावर साल कोणतं, हे तिला कळणार कसं? दरबारी लेख संस्कृत-कन्नडमधले, ते वाचता आले नाहीत तर?

पहिला पुरावा ताटात. भात, नारळ, मासळी, सोलं, काळी मिरी असेल. मिरची, काजू, बटाटा, टोमॅटो काहीच नाही. ही सगळी अमेरिकेतली पिकं, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेली. म्हणजे आपण बहुधा पोर्तुगीज येण्याआधीच्या काळात आहोत.

बाकीचं आकाश सांगेल. माड आड येणार नाहीत अशा मोकळ्या जागी उभं राहून उत्तरेला पाहायचं. गोव्यातून उत्तर ध्रुवबिंदू, म्हणजे ज्याभोवती सगळे तारे फिरताना दिसतात ती आकाशातली जागा, क्षितिजाच्या साधारण साडेपंधरा अंश वर असतो, आणि आज ध्रुवतारा त्याला जवळपास चिकटूनच आहे. पण पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे ११७० च्या सुमारास हाच तारा ध्रुवबिंदूपासून ५ अंशांहून थोडा जास्त दूर होता. हात लांब करून मधली तीन बोटं धरली की साधारण ५ अंश होतात. थंडीतल्या एका लांब रात्रीत आपला अढळ ध्रुव तिला चांगलाच वरखाली सरकताना दिसेल. एका अंशाला साधारण १८० वर्षं, हा हिशेब.

पडताळा सावलीवरून घेता येतो. काठी रोवून माध्यान्हीची सावली रोज मोजायची. सर्वांत लांब सावलीचा दिवस नेमका पकडणं कठीण, कारण त्या आठवड्यात ती जेमतेम बदलते. म्हणून आधीचा आणि नंतरचा, सारख्या सावलीचे दोन दिवस घ्यायचे आणि त्यांचा मध्य काढायचा. हीच उत्तरायणाची खरी सुरुवात. तिथून मकरसंक्रांतीपर्यंत आज सुमारे २४ दिवस जातात. तेव्हाच्या गावात संक्रांत साजरी होईल ती साधारण त्याच्या निम्म्या दिवसांत. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने ठरते, म्हणून अक्षाच्या त्याच गिरकीमुळे हे अंतर वाढत जातं. ते एका दिवसाने वाढायला साठ-सत्तर वर्षं लागतात, त्यामुळे मोजणीत एखाद्या दिवसाची चूक झाली तरी शतक फारसं हुकणार नाही.