दोन काचा बसवल्या, तरी खोली का तापते?

"पश्चिमेच्या खिडकीला दुहेरी काच बसवली, एवढा खर्च केला, तरी दुपारी खोलीची भट्टी होतेच." ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय की आता समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आतच विचारतो: आणि उन्हाचं काय केलंत?

गोंधळ एकाच शब्दाचा आहे, 'उष्णतारोधक'. खिडकीतून उष्णता दोन वाटांनी ये-जा करते आणि या एका शब्दाखाली दोन्ही वाटा खपवल्या जातात. माहितीपत्रकावर मात्र त्यांचे आकडे वेगवेगळे असतात: यू-व्हॅल्यू आणि एसएचजीसी (सोलर हीट गेन कोएफिशंट).

यू-व्हॅल्यू बहुतेकांना कळते. आत-बाहेर तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर दर चौरस मीटरमागे किती वॅट उष्णता पलीकडे जाते, तो हा आकडा. जितका कमी तितका बरा. साधी एकेरी काच साधारण 5.7, मध्ये 12 मिलिमीटर हवेची पोकळी ठेवलेली दुहेरी काच 2.8 च्या आसपास. लो-ई लेप (काचेवरचा अतिशय पातळ, पारदर्शक थर, जो उष्णतेचे किरण परतवतो) आणि पोकळीत आरगॉन वायू असला, तर 1.2 पर्यंत. पोकळी वाढवत नेली की फायदाही वाढत जातो, असं मात्र नाही. 16 मिलिमीटरच्या पुढे आतली हवाच फिरायला लागते.

एसएचजीसी म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातला किती हिस्सा शेवटी उष्णता होऊन खोलीत येतो, तो. साध्या काचेचा साधारण 0.82. आणि साध्या दुहेरी काचेचा? 0.7 च्या वर. एवढाच फरक! ऊन म्हणजे काही गरम हवा नव्हे. ते किरणांनी येतं आणि पारदर्शक काचेतून, मग ती एक असो की दोन, आरपार जातं. आत फरशीवर, सोफ्यावर पडलं की त्याची उष्णता होते. तापलेल्या फरशीतून निघणारे लांब तरंगलांबीचे किरण काचेतून थेट बाहेर पडू शकत नाहीत. म्हणजे चांगली यू-व्हॅल्यू असलेल्या खिडकीतून ऊन मोकळेपणानं आत येतं, आणि आत आलेली उष्णता बाहेर जायला कचरते.

हिशोबच मांडू. खिडकी दीड चौरस मीटरची. बाहेर आतल्यापेक्षा 10 अंश जास्त. काचेवर दर चौरस मीटरला 600 वॅट ऊन. एकेरी काचेतून तापमानाच्या फरकामुळे आत येतात सुमारे 85 वॅट, दुहेरीतून 42. वाचले 43. आता ऊन: एकेरीतून साधारण 740 वॅट, दुहेरीतून 630. खर्च झाला 85 वॅटच्या वाटेवर आणि लोंढा येतोय दुसऱ्याच वाटेनं.

थंड प्रदेशातल्या रात्री हेच गणित उलटं फिरतं. 25 अंशांचा फरक असेल, तर एकेरी काचेतून 214 वॅट निसटतात, दुहेरीतून 105. ऊन तर नाहीच. तिथे दुहेरी काच सोन्यासारखी, आणि दिवसा एसएचजीसी जास्त असलेलाच बरा, कारण ऊन फुकटचं हीटर असतं.

म्हणून स्वस्तात काम करायचं, तर आधी आपली वाट कोणती ते ठरवा. उन्हाचा त्रास असेल, तर माझं मत ठाम आहे: काचेला हात लावण्याआधी काचेच्या बाहेर सावली करा. मावळतीकडचं ऊन तिरपं असतं, छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. तिथे बाहेरून सोडायचा पडदा किंवा उभ्या झडपाच हव्यात. आतल्या जाड पडद्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना काय सांगावं! पडद्यावर ऊन पडलं, तोवर ते घरात आलेलंच असतं. थोडं परावर्तित होऊन जातं, बाकीचं खोली तापवतं. काळी फिल्म तर मला मुळीच आवडत नाही. खोलीत अंधार होतो आणि फिल्मसकट काच तापते. दुहेरी काचेवर न विचारता चिकटवली, तर काच तडकूही शकते.

त्रास थंडीचा असेल, तर आधी चौकटीच्या फटी बुजवा. मग जुनी काच तशीच ठेवून आतल्या बाजूनं अ‍ॅक्रिलिकची दुसरी पारदर्शक शीट बसवा, कडेनं घट्ट. अख्खी खिडकी बदलण्याच्या मानानं खर्च किरकोळ, आणि फायद्याचा मोठा भाग पदरात पडतो.

  

राहता राहिला लो-ई लेप. तो असला म्हणजे झालं असं नाही, कोणत्या पृष्ठभागावर आहे ते बघावं लागतं. दोन काचांच्या दोन-दोन बाजू, म्हणजे चार पृष्ठभाग; ते बाहेरून आत मोजतात, एक ते चार. ऊन अडवायचं तर लेप दुसऱ्यावर, ऊन हवंय पण ऊब धरून ठेवायची तर तिसऱ्यावर. गंमत अशी की लेप इकडचा तिकडे केला, तर यू-व्हॅल्यू जवळजवळ तीच राहते, बदलतो तो एसएचजीसी. बसवणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. रात्री आतून काचेजवळ तिरपी मेणबत्ती धरा. चार ज्योती दिसतील, त्यातली एक वेगळ्या रंगाची. आपल्याकडून मोजत ती तिसरी असेल, तर लेप दुसऱ्या पृष्ठभागावर आहे. चारही सारख्याच दिसल्या, तर लेपाचे पैसे परत मागा.